पळसदरीच्या फळ्यावरचे हँडिकॅप

कर्जतच्या रेल्वे ऑफिसात मी कारकून होतो तेव्हा पळसदरीच्या माळावर साहेबलोकांचा गोल्फ चाले. मी कधी काठी धरली नाही. सगळ्यांचे हँडिकॅप काढून फळ्यावर लिहायचं काम मात्र माझ्याकडे होतं. आकडे दर महिन्याला पुसले जायचे, किस्से तेवढे साठत गेले.

हिशेब सोपा. अठरा खड्ड्यांना बहात्तर फटके ही ठरलेली पातळी; फटके जितके कमी तितका खेळ चांगला. तुमच्या तीन कार्डांची सरासरी नव्वद आली, तर हँडिकॅप अठरा; कपाच्या मॅचला तेवढे फटके तुमच्या बेरजेतून वजा. साहेबांच्या बॅगा उचलणाऱ्या धर्मा ठाकराला मी हे सांगितलं.

"म्हंजे घाटात जड गाडीला मागनं दुसरं इंजिन लावत्यात, तसं," तो म्हणाला.

•

एका इंजिनिअर साहेबाची कार्डं शंभराच्या वरची, हँडिकॅप तीस. कपाच्या मॅचला गडी चौऱ्याऐंशीत आटोपला! मी धर्माला विचारलं.

"कार्ड भरायचं असलं का साहेब हातभरावरनं चुकतो. येरवी नाय चुकत."

क्लबाच्या सेक्रेटरी साहेबांनी त्याच दिवशी तिसाचे बारा केले.

•

आमच्या डॉक्टरांचं उलटं. हँडिकॅप नऊ, तरुणपणी मिळालेला. आता पंच्याण्णवच्या खाली येत नसत, प्रत्येक मॅच हरत. मी तेवीस सुचवला.

"हरलेलं चालेल हो," ते म्हणाले, "पण तेवीस घरी कोणत्या तोंडानं सांगू?"

•

दुपारी मैदान रिकामं असलं की बॅगवाल्यांना खेळायची मुभा होती. एकदा धर्मानं तीन कार्डं आणून दिली, तिन्हींवर डॉक्टरांची सही. सरासरी शहात्तर, म्हणजे हँडिकॅप चार. यादी लहान आकड्यापासून सुरू होई. माझा हात थांबला. सेक्रेटरी साहेब मागेच उभे होते. "लिहा," एवढंच म्हणाले. मी सगळ्यांच्या वर धर्माचं नाव साहेबी थाटात लिहिलं: डी. ठाकूर.

पुढच्या रविवारी मुंबईहून एक नवा साहेब आला. फळा वाचून म्हणाला, "मला या मिस्टर ठाकूरांशी खेळायचंय." बॅग धर्माच्या खांद्यावर देऊन तो निघाला. मीही मागोमाग गेलो.

सुरुवातीच्या जागी पोचल्यावर साहेबानं इकडेतिकडे पाहिलं, घड्याळ काढलं. मोडक्या हिंदीत धर्माला विचारलं, ठाकूर साहेब कधी येणार?

धर्मानं बॅग सावकाश खाली ठेवली.

"आलाय, साहेब. पयला फटका तुमचा."