शेजाऱ्याच्या झोपेची चौकशी

सानपाड्यात कोणाचं मन कुठे दुखतंय, हे देवाच्या खालोखाल कोणाला ठाऊक असेल तर ते माझ्या बायकोच्या मामांना. देवाचं एक बरं आहे, तो कोणाची बेल वाजवत नाही. मामा वाजवतात. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि ऊन नसतानाही डोक्यावर टोपी अशा थाटात हे सत्तरीचे गृहस्थ दारात उभे राहतात आणि मीटर तपासायला आल्याच्या सुरात विचारतात, "गेल्या पंधरवड्यात उगाच रडू आलं का?" बरेच लोक त्यांना गॅसवाला समजून "मागच्याच महिन्यात झालं" असं सांगतात आणि दार लावून घेतात.

मामांची सगळी नोकरी महाप्याच्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेली. खोक्यातले चार नग उचलून बघायचे आणि अख्ख्या खोक्याबद्दल मत द्यायचं, ही सवय इतकी हाडीमासी खिळली की लग्नाच्या जेवणातही ते एक जिलबी खाऊन सगळ्या स्वयंपाकावर शेरा मारत, आणि शेजारी बसलेल्या मामी त्यांना चिमटा काढत. मामींना जाऊन आता वर्ष झालं. मूलबाळ नाही. हा माणूस एकट्या घरात आतल्या आत खचेल, अशी आम्हा नवराबायकोला धास्ती होती. बायको रोज फोन करी. मामा "उत्तम" एवढंच म्हणत आणि उलट तिच्याच पचनाची चौकशी करत. तेवढ्यात एका स्वयंसेवी गटानं शहराच्या मानसिक आरोग्याची घरोघर पाहणी काढली. मामा तिच्यात पहिल्याच दिवशी घुसले आणि जावयाला नाही म्हणता येत नाही या आधारावर मलाही त्यांनी ओढलं.

पहिल्या फेरीत आमच्या भागात एकही दुःखी माणूस सापडला नाही. सगळे मजेत. मामा खवळले. "सगळाच्या सगळा माल पास? म्हणजे तपासणाराच झोपलाय, जावईबापू!" पण घणसोली गावात गंमत झाली. तिथल्या गल्लीत एका घरात विचारलेला प्रश्न चार घरांत ऐकू जातो. ओट्यावर मासळी साफ करणाऱ्या एका आजींना मामांनी झोपेबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मना काय व्हनार हाय? पन ती बाजूची बग. तिला झोप नाय, जेवान नाय." आणि बाजूचीनं खिडकीतून मान हलवून ते मान्य केलं. मामांनी त्याच दिवशी प्रश्न बदलला. माणसाला त्याचं स्वतःचं काही विचारायचंच नाही, शेजाऱ्याचं विचारायचं. नाव लिहायचं नाही, फक्त विंग आणि मजला. गटाच्या प्रमुख बाईंनी डोक्याला हात लावला, पण करून बघा म्हणाल्या.

सानपाड्यात याचा परिणाम फार झाला. दाराची साखळी न काढणारे लोक खुर्ची देऊ लागले, कांदेपोहे करू लागले. "आमाला काय टेन्शन नाय हो, पण वरचे बघा. सारखं फर्निचर सरकवतात. सुखी माणूस कशाला सरकवेल?" वरचे म्हणाले, खालचे काठीनं छत ठोकतात, त्यांना दाखवा कोणाला तरी. मामांनी दोन्ही उत्तरं सारख्याच गांभीर्यानं नोंदवली. नियमही त्यांनीच केला. ज्या घराकडे बरेच शेजारी बोट दाखवतील, तिथे दर रविवारी आपल्यातल्या कोणीतरी जाऊन अर्धा तास बसायचं. सल्ला द्यायचा नाही.

मामांच्या स्वतःच्या विंगमध्ये मला पाठवण्यात आलं. तिथे मी ज्या दारात गेलो त्या दारात लोक एकाच मजल्याबद्दल बोलले. "दिवसभर लोकांची झोप विचारत फिरतात, आणि स्वतः पहाटेपासून पॅसेजमध्ये फेऱ्या मारतात." "अजूनही दुधाच्या दोन पिशव्या घेतात. एक वॉचमनला देतात." मी सगळं भरलं. गटाच्या बैठकीत पडद्यावर सगळ्या नोंदींचा नकाशा आला तेव्हा त्या विंगमधला तो मजला लालभडक होता. मामा उठून पडद्याजवळ गेले. मग म्हणाले, "एकच नग पुन्हा पुन्हा मोजलाय. पद्धतीत दोष आहे." बाई हळूच म्हणाल्या, "काका, पद्धत तुमचीच आहे." मामांनी टोपी काढली, परत घातली. "मग जावईबापू जातील," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

रविवारी मी बेल वाजवली. ज्यांच्या पाया पडायचो त्या माणसाला हे कसं विचारायचं, ते मला कळेना. सोफ्यावर बसलो आणि एकदम म्हणालो, "मामा, झोप लागते का?"

"चूक," मामा म्हणाले. "असं अंगावर जायचं नाही. आधी पाणी मागायचं. माणूस पाणी आणायला आत जातो, तेवढ्यात त्याला सावरता येतं. मी तेच करतो. मागा पाणी."

मी पाणी मागितलं. मामा स्वयंपाकघरात गेले. नळ सुरू झाल्याचं ऐकू आलं, बंद झाल्याचं ऐकू आलं. मामा मात्र बाहेर येईनात. मला उठावंसं वाटलं, पण उठलो नाही.

"जावईबापू," आतूनच आवाज आला, "ती गेल्यापासून या घरात कोणी पाणी मागितलं नव्हतं हो."

मग ते तांब्याभांडं घेऊन आले. डोळे धुतलेले होते. मला तहान अजिबात नव्हती. मी भांडं रिकामं केलं आणि आणखी मागितलं.