आतोबांचं वाऱ्याशी भांडण

भीमा-नीरेच्या पट्ट्यात वाऱ्याशी वैयक्तिक वैर धरलेला माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा! कळंबला त्यांचं घर उघड्या माळाला लागून. चैत्र लागला की वारा साऱ्या नांगरटीचा फुफाटा उचलून त्यांच्या अंगणात ओतायचा, आणि आतोबा दारात उभे राहून त्याला भावकीतल्या माणसाला द्याव्यात तशा शिव्या द्यायचे. जेवताना ताटावर दुसरं ताट झाकून घासापुरती फट ठेवायचे. पाहुण्याला रामराम नंतर, आधी अंगणाबाहेर उपरणं झटकायला लावणार. एकदा तलाठ्यालाही सोडलं नाही. "दप्तर बी झटका रावसाहेब," म्हणाले, "सरकारी धूळ झाली म्हणून काय झालं?"

या वैराचं कारण आत्या. तिला दमा होता. धूळ उडाली की बिचारीला दोन शब्द सलग बोलता यायचे नाहीत. म्हणून दर उन्हाळ्यात मी, बारामतीच्या शाळेतला मास्तर, मुराळी होऊन जायचो आणि पाऊस पडेपर्यंत तिला माहेरी घेऊन यायचो. मला पाहिलं की आतोबा, "आला वाऱ्याचा वकील!" म्हणत तोंड फिरवायचे. तिच्यावाचून करमत नाही, हे त्यांनी जन्मात कबूल केलं नसतं.

एका उन्हाळ्यात मी आत्याला न्यायला गेलो तेव्हा त्यांनी माळाच्या बाजूनं तुराट्यांचा उंच कूड उभारला आणि वर शेणमातीचा जाड लेप दिला. मुंगीसुद्धा शिरणार नाही असा. वारा शिरला नाहीच. तो वरून उडी मारून थेट आत्याच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर उतरला! दोन दिवसांत अर्धा कूड आडवा झाला. लेप गळून विरळ झालेला तेवढा उभा राहिला, आणि धूळ त्याच्या पायाशी निमूट बसलेली. आतोबा तिथंच मांडी घालून बघत राहिले.

"मास्तर, वाऱ्याला आडवायचं न्हाय. पिठावानी चाळायचं!"

मग त्यांनी विरळ कूड घातला, बाहेरून शेवरीच्या झाडांच्या दोन ओळी लावल्या आणि वर्षभर खांद्यावरून पाणी आणून घातलं.

पुढच्या चैत्रात गेलो, तर आत्या अंगणात शेवया करत बसलेली. "यंदा न्हाय रं येत मी. दादाला सांग, बरी हाय म्हणावं, काळजी करू नगंस." मध्ये एकदाही थांबली नाही. आतोबांनी मला कुडाची एकेक फट दाखवली, गूळपाणी दिलं आणि वेशीपर्यंत पोचवायला आले. रिकाम्या हातानं निघताना मला त्यांचा फार राग आला, आणि तितकीच मायाही वाटली.

घरी वडिलांनी आत्यासाठी खाट टाकून ठेवली होती. मी निरोप सांगितला.

"बरं झालं की," ते म्हणाले. मग खाट उचलून भिंतीला उभी केली.