हळद लागलेली डिस्क

लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. लग्नाआधी, किती घेणार? लग्नानंतर, कधी देणार? पहिल्याचं उत्तर मी लगेच देतो. दुसऱ्याच्या बाबतीत माझं नाव आमच्या गल्लीत काही फार चांगलं नाही. उन्हाळ्यातली लग्नं दसरा उलटला तरी माझ्या कॉम्प्युटरमध्येच नांदत असतात.

त्या वर्षी खंडेनवमीला आईनं नेहमीप्रमाणे पाट मांडला. कॅमेरे, ट्रायपॉड, लाईट सगळं ओळीनं ठेवलं. कॉम्प्युटरपाशी येऊन मात्र ती थांबली.

"हा तर नुसता डबा हे. काम करतं ते कुठंय?"

"आत."

"मग ते काढ की. तलवारीची पूजा करायची का म्यानाची?"

आईशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही, म्हणून स्क्रू काढले. आतून दोन मोठ्या हार्डडिस्क निघाल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या, दिसायला जुळ्या. एकीत गेल्या वर्षीची लग्नं होती, सगळी लोकांच्या घरी पोचलेली. दुसरीत या वर्षीची होती, एकही पोचलेलं नाही. आईनं चौकशी केली, मी सांगितलं. पूजा झाली, डिस्क ओल्या फडक्यानं पुसल्या गेल्या, आणि पुरणपोळीचा वास येत असताना माणूस जितक्या काळजीनं काम करतो तितक्याच काळजीनं मी त्या परत बसवल्या. जी वायर जिथं पोचली तिथं लावली.

पुढच्या आठवड्यात लाईट गेली, आली, पुन्हा गेली. इन्व्हर्टरनं मान टाकली आणि कॉम्प्युटर सुरू होईना. ज्या तिसऱ्या छोट्या डिस्कवर सिस्टीम होती ती मेली होती.

नेमके त्याच दिवशी फुलंब्रीकडचे मामा आले. मामा म्हणजे माझे नातेवाईक नव्हेत, एका नवरीचे वडील. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न मी शूट केलं होतं. पोळ्याच्या सुमाराला मुलीची आई तापानं गेली. हे मला फोनवर कळलं होतं, आणि तेव्हापासून त्यांचा फोन आला की मी तो नुसता वाजू द्यायचो.

मामा खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "भाऊ, लग्नाच्या शूटिंगची काई घाई नाय. तेवढं एक पाहिजे. तिचा एक बी फोटो नाय घरात. आधार कार्डावरचा हे, पण पोरी म्हंत्यात ही आमची आई नाय. कॅमेरा दिसला का ती तोंडावर पदर घ्यायची. पण लग्नात एकदा तुमच्यावर वरडली व्हती बघा. तवा पदर नव्हता. ते हाय ना?"

"आहे," मी म्हणालो.

आहे, पण कॉम्प्युटर बंद आहे, हे मी सांगितलं नाही. कॅमेऱ्यातली कार्डं पुढच्या लग्नासाठी कधीच पुसली होती. ती बाई आता जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण माझ्या टेबलाखाली होतं.

माझा मेहुणा शेंद्र्याला एका कारखान्यात कॉम्प्युटरचं बघतो. माझी मशीन त्यानंच जोडली होती. त्याला फोन लावला.

"दाजी, टेन्शन नका घेऊ. मी दिलेला पेनड्राइव्ह लावून चालू करा. पडद्यावर एसडीए नावानं दिसंल ती गेल्या वर्षीची डिस्क, पहिल्या वायरीवर मीच लावलीय. तिच्यावर नवी सिस्टीम टाका. ती सगळी पुसली जाईल, जाऊ द्या. एसडीबी या वर्षीची, तिला फक्त हात लावू नका."

पेनड्राइव्हवरून काळा पडदा उघडला. मेहुण्यानं सांगितल्याप्रमाणे lsblk टाइप केलं. हा हुकूम दिला की मशीनला जोडलेल्या सगळ्या डिस्क खालोखाल दिसतात. पेनड्राइव्ह सोडला तर दोन ओळी आल्या, एसडीए आणि एसडीबी. आकार तोच, आतला कप्पाही एकेकच. आता फक्त एसडीएवर सिस्टीम टाकायची होती.

बोट एंटरकडे गेलं आणि मला पुरणपोळी आठवली.

मेहुण्याला विचारलं, "डिस्क काढून परत लावली तर नाव तेच राहतं का?"

"नाव डिस्कचं नसतंय, दाजी. जागेचं असतंय. पंगतीत पहिल्या पाटावर जो बसंल तो एसडीए." मग त्यानं विचारलं, "काढली कुणी?"

मी पूजेचं सांगितलं. मग तो म्हणाला, "आत डोकावून बघा." डोकावता येत नव्हतं. लाईट गेल्यामुळे दोन्ही डिस्क अर्धवट बंद झाल्या होत्या, आणि पेनड्राइव्हवरची सिस्टीम त्यांना उघडायला तयार नव्हती. जबरदस्ती करू नका, असं त्यानंच बजावलं. मग त्यानं हुकुमाला आणखी शेपूट जोडायला लावलं, तशी प्रत्येक डिस्कसमोर तिचा कारखान्यातला नंबर आला. हा नंबर जागेचा नसतो, डिस्कचाच असतो, आणि तो तिच्या स्टिकरवरही छापलेला असतो. दोन्ही नंबर मी फोनच्या पाठीवर पेनानं लिहिले आणि मशीन बंद करून डबा उघडला.

दोघींच्या स्टिकरवर, नेमकं जिथं नंबर संपतो तिथं, कुंकवाचा चिखल वाळला होता. दोन्ही नंबरांत फरक फक्त शेवटच्या आकड्यांचा होता. आणि ते वाचता आले असते तरी या जुळ्यांमधली या वर्षीची कोणती, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी एक शिवी दिली. मामांनी ती ऐकली नाही असं दाखवलं.

शिवीच्या आवाजानं आई बाहेर आली. काय झालं ते ऐकून तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"पिवळी कोणती हे बघ की."

"कुंकू दोन्हीला आहे."

"कुंकू दोन्हीला. हळद एकीलाच. तूच म्हणला व्हता, हिच्यातली लग्नं अजून बाकी हैत. बाकी लग्नाला हळद लावावी लागती. दुसरीतली तर लागून गेली, तिला कशाला परत हळद?"

वाकून पाहिलं. एका डिस्कच्या कोपऱ्यात, स्क्रूच्या खाचेत, पिवळं होतं. पिवळी होती पहिल्या वायरीवर.

पिवळीची वायर काढून ती टेबलावर ठेवली, मशीन सुरू केली आणि शेपटासकट पुन्हा lsblk दिलं. आता एकच डिस्क उरली होती, आणि पंगतीत एकटीच असल्यामुळे तिचं नाव एसडीए झालं होतं. पण समोरचा नंबर फोनवर लिहिलेल्या जुन्या एसडीबीचा होता. म्हणजे मघाशी मी ज्या एसडीएवर एंटर मारणार होतो, ती टेबलावर होती, मामांच्या कोपराजवळ. मामांना मी चहा पाजला, तो मला हवा होता म्हणून.

उरलेल्या डिस्कवर नवी सिस्टीम टाकली. मग पिवळी जोडली. तिनं थोडा वेळ तपासणी करून घेतली आणि उघडली. मेमधलं लग्न शोधलं, मांडव, दुपार, पंगत. बाई वाढप्यांवर लक्ष ठेवून उभ्या आहेत. कॅमेरा त्यांच्याकडे वळतो. पदराकडे हात जातो, पण हातात वरणाचा पळा आहे. तशाच त्या सरळ कॅमेऱ्यात बघतात.

"माझं काय घेताव? सकाळधरनं तुम्ही उन्हात हुबे हाव. ठिवा ते खाली अन् आधी जेवून घ्या."

चित्र हलतं, जमीन दिसते, बंद होतं.

मामा पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "जेवला व्हता का मग तुम्ही?"

"जेवलो होतो, मामा. त्यांनीच वाढलं."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. डोळे पुसले आणि म्हणाले, "अजून एकदा लावा."

मी लावलं. बाईंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मला जेवायला सांगितलं.