वहीत तशी नोंद नाही

भारताच्या रग्बी संघाचा जुना इतिहास गोळा करणारे एक गृहस्थ मागच्या वर्षी मालवणात माझ्या घरी आले. अधिकृत म्हणतात ते सामने फार पुढचे. त्याआधी मुंबईत एखादा परदेशी संघ उतरला, की देशाच्या नावाने पंधरा जण जमवून मैदानात उभे करत. त्यात कंपन्यांमधले गोरे साहेब असत, काही लष्करातले, थोडे आपले. अशा सामन्यांचे कागद कुणी जपले नाहीत. मी ज्या क्लबात कारकून होतो तिथली नोंदवही मात्र माझ्याकडे राहिली होती. निवृत्तीच्या वेळी ती रद्दीत निघाली होती, मी उचलून आणली. गृहस्थांनी तिच्या पानापानाचे फोटो काढले आणि जाताना म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं होती म्हणून हे टिकलं."

मी त्यांना पायरीपर्यंत सोडायला गेलो. त्या वहीत एक नाव खोटं आहे आणि ते मी लिहिलेलं आहे.

ज्याचं नाव तिथे हवं होतं तो माझ्याबरोबर चौथीपर्यंत शाळेत होता. त्याचं घर आमच्या वाडीच्या खाली, दर्याला लागून. चौथीनंतर तो रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोरीने मोठं जाळं ओढायच्या कामावर गेला. मी मॅट्रिक होऊन मुंबईला चिकटलो. पावसाळ्यात रापण बंद असते, दर्यावर्दी माणूस चार महिने हात बांधून बसतो. नेमके तेच चार महिने मुंबईत रग्बीचे. मैदानाच्या कामाला क्लबाला जादा माणसं लागत. पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडे एका वर्षी मी शब्द टाकून त्याला तिथे लावला. रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, चिखलातले खड्डे भरायचे.

एका संध्याकाळी सरावाला माणूस कमी पडला. रग्बीत दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण वाकून, एकमेकांच्या खांद्यात हात अडकवून समोरासमोर रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. कप्तानाने हाताने खूण करून त्याला आत घेतलं. पहिल्याच रेट्यात समोरचे आठ जण मागे घसरत गेले. त्यानंतर सरावाला त्याला रोज बोलावणं येऊ लागलं.

"अरे, ही रापणच," तो मला म्हणाला. "फक्त ओढूचा सोडून ढकलूचा."

पावसाळा संपल्यावर गावी आला तो हा खेळ घेऊनच. दिवाळीला मी घरी गेलो तर किनाऱ्यावर सोडण, म्हणजे वरचं जाड साल, न काढलेला नारळ घेऊन तो रापणीच्या गड्यांना शिकवत होता. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, मागच्यालाच द्यावा लागतो. हे काही कुणाला पटेना.

"मागे टाकूचो? आणि पुढे कसो जातलो रे तो?"

"चेंडू मागल्याक दिवचो. धावूचा पुढे."

"म्हणजे तांडेल पळतलो आणि मासे मागे रवतले!"

वाळूत लोळून हसले सगळे. तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, स्वतः म्हातारा, पण धोतर खोचून उतरला. "नारळ फुटलो तर तुझ्या बायलेक भरूक लागतलो हां!" त्या दिवशी मीही धावलो. तेवढा एकच दिवस मी रग्बी खेळलो आहे.

पुढच्या पावसाळ्यात तो सामना झाला. पाहुणे बोटीने आलेले. छापील पत्रकावर एका बाजूला त्यांच्या देशाचं नाव, दुसऱ्या बाजूला भारत. सकाळी निरोप आला की स्क्रमच्या पहिल्या ओळीतले एक साहेब तापाने पडले आहेत. ऐन वेळी तसा दणकट माणूस आणायचा कुठून? कप्तान मैदानाकडे पाहत उभा होता. तिथे माझा हा गाववाला चुन्याची रेघ मारत होता.

आजारी साहेबांची जर्सी त्याला मापात बसली. बूट मोठे झाले म्हणून दोन-दोन मोजे चढवले. मी मांडवात वही घेऊन बसलो होतो. मैदानात जाताना त्याने माझ्याकडे पाहून बत्तीशी दाखवली. मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत राहिलो.

आपण हरलो. किती गुणांनी ते वहीत आहे आणि ते बरोबर आहे. वहीत नाही ते एवढं, की मध्यंतरानंतर अंगावर पडलेल्या खेळाडूंच्या ढिगाखालून तो उठला तेव्हा त्याचा डावा हात लटकत होता. खांद्याजवळचं हाड गेलं होतं. त्या काळी बदली खेळाडू घेत नसत. तो बाहेर आला असता तर चौदाच उरले असते. तो मागच्या ओळीत गेला आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत उजव्या खांद्याने रेटत राहिला.

संध्याकाळी क्लबाचे सेक्रेटरीसाहेब मांडवात डोकावले. "छापलेली नावंच ठेव," म्हणाले. "मैदानातला नोकर घेतला होता हे पाहुण्यांना कळायला नको." पाइप शिलगावून ते निघूनही गेले. दरडावलं नाही, पुन्हा विचारलं नाही. मी आजारी साहेबांचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. दुखापतीच्या रकान्यात लिहिलं, कोणी नाही.

नोकरीच्या भीतीने लिहिलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धं खरं. शाळेत माझ्या पाटीवरून गणितं उतरवणारा मुलगा देशाच्या बाजूने खेळला आणि इंग्रजी येणारा मी कडेला बसून त्याचे गुण मांडत होतो. मला ते सहन झालं नाही. ते नाव लिहिताना माझा हात अडखळला नव्हता.

गावच्या हाडवैद्याने हाड बसवलं, ते वाकडं बसलं. हात खांद्याच्या वर जाईना. रापणीची जाडजूड दोरी एका हाताने ओढता येत नाही. तो ओढून आलेल्या दोरीची वेटोळी घालायला मागे उभा राहू लागला. रापणीचा नियम असा, की दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. तो उशिरा आलेला असो, लंगडा असो. त्यामुळे तांडेल त्याच्यासमोर मासळी टाकी. पण ती उचलताना तो कुणाकडे बघत नसे, असं त्याच्या बायकोने माझ्या आईला सांगितलं होतं.

साठ सालानंतर आमच्याकडच्या हायस्कुलात कवायत आणि खेळ शिकवायला माणूस हवा होता. हेडमास्तर घाटावरचे, खेळाचे शौकीन. भारताकडून खेळलेला माणूस गावात आहे हे त्यांच्या कानावर गेलं होतं. "खरं असेल तर शिक्षण बघणार नाही, घेतो," असं त्यांनी त्याला सांगितलं. फक्त खात्री पटायला हवी होती. तो म्हणाला, खात्री देणारा माणूस जत्रेला येणार आहे.

मसुऱ्याच्या जत्रेला मी रजा काढून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली होती, म्हणून किनाऱ्यावर गेलो. तो हेडमास्तरांना घेऊन तिथेच उभा होता. त्याने मला आधी घरी गाठलं नाही, कागद मागितला नाही. दोरीवरच्या माणसाला वाट्यासाठी कधी कागद लागत नाही. ज्याने डोळ्यांनी बघितलं त्याने सांगायचं, की झालं. त्याला वाटलं, सगळीकडे तसंच असतं.

"ह्यो बघा," तो हेडमास्तरांना म्हणाला. "ह्यो थंय होतो. इचारा तेका."

हेडमास्तरांनी नमस्कार केला. "आपण तिथे नोंदी ठेवता ना? हे खेळले होते?"

तीसेक गडी दोरी धरून ऐकत होते. हो म्हणावं तर उद्या हेडमास्तर लेखी मागणार. लेखी दिलं तर वही खोटी ठरणार, आणि माझ्या हेडक्लार्कच्या बढतीचा कागद तेव्हा सेक्रेटरीसाहेबांच्या टेबलावर होता. हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं. आमच्या किनाऱ्यावर मालवणी सोडून कुणी बोलत नाही. मी कचेरीतल्या मराठीत उत्तर दिलं.

"वहीत तशी नोंद नाही."

"वही रवांदे," तो म्हणाला. "तू थंय होतंस मा? तुया बघलंस मा माका?"

"नोंदीप्रमाणेच सांगता येतं."

मग दोरीच्या टोकाकडून आवाज आला, "ए इंडिया, वेटोळी घाल रे!" आणि हसू पसरत गेलं. हेडमास्तर मला पुन्हा नमस्कार करून निघून गेले. तो माझ्याकडे बघत होता. रागाने बघत असता तर मला सोपं गेलं असतं. काही तरी समजत नसल्यासारखा बघत होता.

इंडिया हे नाव त्याला मरेपर्यंत राहिलं. तो पुन्हा मुंबईला आला नाही. जाळी विणून दिवस काढले. मी रजेवर आलो की वाटेत भेटे. "बरो मा रे?" एवढं विचारी. दर खेपेला विचारी. मी हेडक्लार्क झालो.

ते इतिहास लिहिणारे गृहस्थ येऊन गेल्यावर मी वेंगुर्ल्याला गेलो. त्याची मुलगी तिथे काजूच्या कारखान्यात आहे. तीही आता साठीची. गर सोलता सोलता तिने सगळं ऐकून घेतलं. मी म्हणालो, आता खरं लिहून काढतो, तुझ्या वडिलांचं नाव घालतो.

"थंय हसले ते खंय आसत, काकानू?"

"गेले सगळे."

"ते मास्तर?"

"तेही गेले."

"आयेन जल्मभर आयकला, खोटारड्याची बायल म्हणान. ती पण गेली. मगे आता कोणाक सांगतास?"

तिने पुढ्यातले काजू बाजूला सारले.

"बापायचा नाव घालू नकात. तेका तुमच्या वहीत जावचा नव्हता. तुमी त्या दिवशी तोंडान हो म्हणूक होया होता, तितक्याच."

परत आल्यावर मी त्या गृहस्थांना फोन केला. त्या आजारी साहेबांचं नाव काढा म्हणालो. ते नम्रपणे म्हणाले, यादी छापायला गेली आहे, आणि इतक्या वर्षांनंतर नुसत्या तोंडी सांगण्यावरून लेखी पुरावा बदलता येत नाही. मी वाद घातला नाही.

म्हणून इथे लिहून ठेवतो. त्या सामन्यात भारताच्या पहिल्या ओळीत छापील नावाचे साहेब नव्हते, ते घरी तापाने पडले होते. त्यांच्या जागी मालवणच्या किनाऱ्यावरचा, रापणीवर दोरी ओढणारा एक माणूस खेळला. तो पूर्ण सामना खेळला, त्यातला शेवटचा भाग मोडलेल्या हाडाने. मी ते मांडवातून पाहिलं. त्याचं नाव त्याच्या मुलीने लिहू दिलेलं नाही.