बॉल परत करणारा माणूस

पहिल्यांदा बेसबॉल बघायला गेलो, तेव्हा मी एक बॉल पकडला आणि लगेच मैदानात परत फेकला. त्यात काही चुकलंय असं मला वाटलंसुद्धा नाही. आपल्याकडे क्रिकेटचा बॉल प्रेक्षकांत आला की कोणीतरी तो अडवतो आणि फील्डरकडे टाकतो, एवढी रीत लहान पोरालाही ठाऊक असते. इथे मात्र आमचं सगळं स्टँड हसलं. शेजारच्या खुर्चीत एक गोऱ्या, स्थूल बाई पेन्सिलीने स्कोअर लिहीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, तो तुझा होता! इथे ज्याने पकडला त्याचा.”

“पण बॉल परत केला नाही, तर गेम पुढे कसा जाणार?” मी विचारलं.

त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी मला अंपायरच्या कमरेची पिशवी दाखवली. ती बॉलनी गच्च भरलेली होती.

याला आता वीसेक वर्षं होतील. मी पिस्कॅटवे गावात नवा होतो आणि सोबत आणलेली मुलगी चार वर्षांची होती. बाई शाळेची बस चालवायच्या. मुलीने त्यांना पहिल्याच दिवशी ‘काकू’ म्हटलं, कारण आमच्याकडे येणारी प्रत्येक मोठी बाई काकूच असायची. काकूंना तो शब्द इतका आवडला की पुढच्या महिन्यापर्यंत पॉपकॉर्नवाला आणि गेटवरचा म्हातारासुद्धा त्यांना काकू म्हणायला लागले. ते त्यांचं नावच आहे असं त्या दोघांना वाटत असावं. मीही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

रविवारी दुपारी आमच्या ओळखीचे सगळे मराठी लोक शाळेच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचे. “यार, तिकडे नुसतं बसून काय बघतोस?” असं ते मला विचारायचे. मला नीट सांगता यायचं नाही. आमची टीम छोट्या लीगमधली. तिथली पोरं मोठ्या लीगमधून बोलावणं येईल म्हणून वाट बघत खेळायची, आणि एखादा जरा चांगला खेळायला लागला की वर निघून जायचा. जे राहायचे ते दोन-तीन वर्षांनी गुपचूप घरी जायचे. मीही ग्रीन कार्डच्या रांगेत होतो, त्यामुळे राहिलेल्यांकडे माझं जास्त लक्ष असायचं. काकूंनी मला स्कोअर लिहायला शिकवलं. प्रत्येक खेळाडूपुढे एक छोटा चौकोन, त्यात आकडे आणि रेघा. ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांचा कोड तपासायचो, पण ते चौकोन मात्र मन लावून भरायचो.

मग हळूहळू सगळं बदलत गेलं. टीमचं नाव दोनदा बदललं, आणि दर वेळी नव्याचे नऊ दिवस संपले की ये रे माझ्या मागल्या. कागदाची तिकिटं गेली. फोनमध्ये ॲप आलं, त्याचा पासवर्ड मी दर एप्रिलमध्ये विसरायचो. छापील स्कोअरकार्ड बंद झालं, म्हणून काकू घरून वहीचे कागद आखून आणायला लागल्या. दोन बॉलच्या मधे इतकं मोठं संगीत लावतात की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पुढे आमच्या स्टँडसमोर जाळी लावली. कुणाला लागू नये म्हणून लावली, ते बरोबरच आहे. पण त्यानंतर आमच्याकडे एकही बॉल आला नाही. मुलगी शाळेत असेपर्यंत अधूनमधून यायची, नंतर म्हणायला लागली, “बाबा, इट्स सो स्लो.” तिचं काही चूक नव्हतं. मलाही पायऱ्या चढताना गुडघे दुखत होते आणि येता-जाता रूट वनवरच्या ट्रॅफिकमध्ये चिडचिड होत होती. ग्रीन कार्ड आलं तेव्हाही मी फक्त दमलेलाच होतो.

गेल्या वर्षी टीमने कळवलं की आमचं स्टँड काढून तिथे पार्टीची जागा करणार, उंच टेबलं आणि बिअर वगैरे. त्याच आठवड्यात काकूंनी सांगितलं की सीझन संपला की त्या ॲरिझोनाला मुलाकडे राहायला जाणार.

“पुढच्या वर्षी तू कुठे बसणार?” त्यांनी विचारलं.

“कुठेच नाही. बास झालं, काकू. घरी बसणार.”

त्या पेन्सिलीला टोक काढत बसल्या. मला वाईट वाटलं, पण मी खरं तेच बोललो होतो. एकट्याने जाऊन, अनोळखी लोकांत बसून चौकोन भरायचा मला मनापासून कंटाळा आला होता.

सप्टेंबरमध्ये, सीझनच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं नेहमीच्या खुर्च्यांवर बसलो. ऊन कडक होतं आणि आमची टीम हरत होती. एक इनिंग संपल्यावर आत जाता जाता फर्स्ट बेसवरच्या पोराने हातातला बॉल जाळीवरून आमच्याकडे टाकला. असे बॉल एरवी लहान मुलांना देतात, पण आमच्या रांगेत लहान कोणी नव्हतंच. तो माझ्या छातीवर आदळला आणि मी दोन्ही हातांनी धरला.

“ह्या वेळी ठेव,” काकू म्हणाल्या.

मी ठेवला. मला तो हवाच होता, वीस वर्षं हवा होता. गेम संपल्यावर पार्किंगमध्ये काकूंनी मला मिठी मारली, तेव्हा खिशातला बॉल त्यांच्या हाताला लागला.

“परत नाही फेकलास?”

“नाही.”

“मग गेम पुढे कसा जाणार?” असं म्हणून त्या पहिल्या दिवसासारख्या हसल्या आणि गाडीत बसल्या. मी काहीतरी विनोदी बोलायला हवं होतं, पण मी नुसता हात हलवला.

बॉल गाडीच्या कप होल्डरमध्ये राहिला. पूर्ण हिवाळा तो प्रत्येक वळणावर खडखडत होता. एप्रिल आला. मी तिकीट काढलं नाही, ॲपसुद्धा उघडलं नाही. पहिल्या रविवारी दुपारी जेवून सोफ्यावर आडवा झालो होतो, तेवढ्यात काकूंचा फोन आला.

“सुरू झाला का गेम?”

मी घड्याळ बघितलं. “आत्ताच झाला असेल.”

“असेल म्हणजे? तू कुठे आहेस?”

तिकडून टीव्हीचा आवाज येत होता. मग त्यांनी तो बंद केला.

“इथे मला कोणी ओळखत नाही,” त्या म्हणाल्या. “मला काकू म्हणणारं कोणी नाही. संध्याकाळी फोन करते, तू लिहिलेला स्कोअर मला वाचून दाखव. फोनमधला नको. चौकोन चौकोन सगळं सांग. माझ्यासाठी जा.”

मला उठायचं नव्हतं. गुडघे दुखत होते, रूट वन भरलेला असणार होता आणि तिथे पोचल्यावर कुठे बसायचं तेही माहीत नव्हतं. मी उठलो आणि स्वयंपाकघरातले ड्रॉवर एकामागून एक उघडायला लागलो.

“कसला आवाज येतोय?” काकूंनी विचारलं.

“पेन्सिल शोधतोय,” मी म्हणालो.