अत्तींसाठी केलेले मार्शमेलो

माझ्या सासूबाई सोळा वर्षं माझ्या हातचं जेवल्या नाहीत. भांडण असं काही नव्हतं. त्या मैंदर्गीच्या लिंगायत घरातल्या, गळ्यात लिंग, आणि मी सोलापुरातल्या बौद्ध घरातली. लग्नानंतर वर्षभराने त्या आमच्याकडे राहायला आल्या, त्या स्वतःची शेगडी घेऊनच. मग एका स्वयंपाकघरात दोन स्वयंपाक सुरू झाले. मी त्यांना अत्ती म्हणायचे, नवरा अव्वा, लेक अज्जी. त्या मुलाशी आणि नातीशी कानडीत बोलायच्या, माझ्याशी मात्र मराठीत. 'तू चांगली हायस गं, पन मला चालत न्हाय,' असं एकदा तोंडावर म्हणाल्या. निदान तोंडावर तरी बोलल्या, असं तेव्हा वाटलं. राग नंतर आला, आणि रोज थोडा थोडा येतच राहिला.

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. किरणं दिली आणि तोंड आतून सोलवटून निघालं. मीठ झोंबायचं, ताक झोंबायचं, कोमट पाणीसुद्धा. नवरा अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात कामाला. तो जाण्याआधी पेज करून ठेवायचा. दोन चमचे घेऊन त्या 'साकू' म्हणायच्या, म्हणजे पुरे. वजन भराभर उतरत होतं. डॉक्टर मला म्हणाले, 'सूनबाई, काहीही करा, पण पोटात काहीतरी जाऊ द्या.' त्यांना काय माहीत आमच्या घरची तऱ्हा!

मार्शमेलोचं खूळ लेकीचं. तिने मोबाईलवर बघितलं आणि मागे लागली. पहिल्या कृतीत अंड्याचा पांढरा भाग होता, ती मी तिथल्या तिथे बाद केली. अज्जी घरात असताना अंडं आणायचं नाही, हा नियम माझाच होता. मटण मी माहेरी जाऊन खायचे. घरात डोळ्यांत तेल घालून टाळायचं ते अंडं, केकमधलं, बिस्किटातलं. शेवटी बिनअंड्याची कृती सापडली. नवी पेठेतल्या केकच्या सामानाच्या दुकानातून जिलेटिन आणलं, पिशवीत सुटं बांधून दिलेलं. चायना ग्राससारखंच, शेवाळापासून केलेलं काहीतरी असेल असं मी धरून चालले. विचारलंसुद्धा नाही. अंडं नाही ना, मग झालं.

पावडर गार पाण्यात भिजवली. साखरेचा गोळीबंद पाक केला, तो गरम गरम त्यावर ओतला आणि बीटर फिरवत बसले. दहा-बारा मिनिटांनी ते पिवळट पाणी पांढरंशुभ्र होऊन फुगलं. त्यात गुलाबाचं सरबत घातलं, तूप लावलेल्या ताटात ओतलं. संध्याकाळी वड्या पाडून पिठीसाखर आणि कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवल्या. लेकीने एक वडी अज्जीच्या हातावर ठेवली.

'कापसागत हाय की,' म्हणत त्यांनी ती जिभेवर धरली. चावावी लागली नाही, झोंबली नाही, आपोआप विरघळून गेली. त्यांनी दुसरी मागितली. तिसऱ्या वेळी लेक खाली खेळायला गेली होती, खोलीत मी एकटी होते. त्यांनी माझ्याकडे बघून हात पुढे केला. 'इन्नोंद कोड.' आणखी एक दे. माझ्याशी, कानडीत.

मी वडी दिली आणि मोरीत जाऊन तोंड धुवायच्या निमित्ताने रडले. खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखंही वाटलं.

मग महिनाभर आमचं तेच चाललं. वेलदोड्याचे केले, केशराचे केले. गुळाचे त्यांनी स्वतः सांगून करून घेतले. त्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायच्या आणि लक्ष ठेवायच्या. माझ्याशीही आता कानडीतच बोलायच्या. 'पान्यात टाकून बघ, गोळी व्हतीय का. घाई लई तुला.' पहिल्यांदा गुळाचा पाक करपला तर त्या हसल्या. आजारपणात मी त्यांना हसताना बघितलं ते तेवढंच. वड्या खाल्ल्या की पाठोपाठ थोडी पेजही जायची. ती पेजसुद्धा आता मी करत होते. वजन उतरायचं थांबलं.

जिलेटिन संपलं म्हणून पुन्हा नवी पेठेत गेले. या वेळी सुटं नव्हतं, बंद पाकीट मिळालं. पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण होती. मला वाटलं, छापताना चुकलं असेल.

'चुकलं न्हाय ताई,' दुकानदार म्हणाला. 'हाडाचं, कातड्याचं असतंय हे. तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?'

पाकीट तिथेच ठेवून मी चायना ग्रास घेऊन आले. त्याचे मार्शमेलो काही केल्या फुगेनात, घट्ट चकत्या झाल्या. अत्तींनी एक तोंडात धरली आणि ताटलीत काढून ठेवली. 'हे तसलं न्हाय. पयल्यासारकं कर की.'

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, 'तेच पाकीट आण आणि गप्प बस. अव्वाला काय कळतंय? खातीय ना?' त्याचं चुकत होतं असं आजही मला म्हणवत नाही. पण त्यांनी जन्मभर जे जपलं ते मी माझ्या हाताने बुडवलं होतं, आणि आता जाणूनबुजून रोज बुडवायचं होतं. तीन दिवस मी टाळाटाळ केली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्यासमोर बसले आणि जिलेटिन कशाचं असतं ते सांगून टाकलं.

 त्या गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन डोळे मिटून बसल्या. मग विचारलं, 'तुला म्हाईत हुतं?'

'नाही, अत्ती. शपथ.'

'मग तुला पाप न्हाय.' त्या म्हणाल्या, 'पन सांगितलंस कशाला गं? चव लागत हुती मला. आता कसं खाऊ?' हे त्या पुन्हा पूर्वीसारखं मराठीत बोलल्या.

त्यानंतर पेज पुन्हा नवऱ्यानेच केली. दोन चमचे, मग एक, मग तोही नको. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. मी जवळ गेले की डोक्यावरून हात फिरवायच्या, आणि ताटली पुढे केली की तोंड फिरवायच्या. महिन्याच्या आतच गेल्या. गाठीने गेल्या असं सगळे म्हणतात. नवरा तसं म्हणत नाही, आणि दुसरंही काही म्हणत नाही.

कुणी विचारलं तर मी म्हणते, खरं लपवणं मला जमलं नसतं. ते खोटं नाही. पण त्या सकाळी त्यांच्यासमोर बसले तेव्हा, 'मला चालत न्हाय' म्हणणारीला कळू दे आता, तिला काय काय चाललं ते, हेही माझ्या मनात होतं. चेहरा लपवायला मला कधी जमलेलं नाही. त्यांना ते दिसलं असणार, आणि तरीही त्या म्हणाल्या, तुला पाप न्हाय.