रिकाम्या पिंजऱ्यांची तपासणी

माझ्या आत्याकडे कुत्रं मागायला जायचं असेल तर आधी पोटभर जेवून जा, असं मी ओळखीच्यांना सांगते. कारण ती बसवून ठेवते. जनावर मागायला आलेल्या माणसाला ती मुद्दाम बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवते आणि खिडकीतून बघत राहते, हा कधी वैतागतो. लवकर वैतागला की गोड बोलून त्याला वाटेला लावते. "जो माझ्यावर चिडतो, तो उद्या चप्पल फाडली म्हणून त्या मुक्या जिवावर किती चिडेल!" हे तिचं म्हणणं. जो चिडत नाही, तो पुढच्या परीक्षेला बसतो. म्हणजे आत्या त्याच्या घरी जाते, न सांगता. पाणी मागते. गॅलरीला जाळी आहे का बघते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाजूला घेऊन विचारते, "या घरात सगळ्यात आधी कोण रागावतं?" माझ्या लग्नाच्या वेळी तिने याच्या निम्मीसुद्धा चौकशी केली नव्हती, हे मी तिला अधूनमधून ऐकवते. तिने स्वतः लग्न केलं नाही. "स्थळं आली होती गं, पण ताटकळायला कोणी तयार नव्हतं," म्हणते.

एवढं होऊन घर पसंत पडलं की शेवटची अट. पहिलं वर्षभर या जिवाला परक्या जागी एकटं सोडायचं नाही आणि पिंजऱ्यात तर मुळीच नाही. हे नुसतं कबूल करून भागत नाही. तिच्यासमोर उभं राहून मोठ्याने म्हणावं लागतं. बँकेच्या मॅनेजरने म्हटलंय, भाजीवालीने म्हटलंय. मला हा सगळा प्रकार अति वाटायचा. त्यातून मला कुत्र्यामांजरांचं वावडं. त्या आवारात पाऊल टाकलं की शिंका सुरू. तरी दर सुट्टीला नाकाला रुमाल लावून जाते, कारण सख्खी आत्या एकच आहे.

आत्या सांभाळते तो प्राण्यांचा निवारा पूर्वी पडद्याच्या कापडाचं गोदाम होता. गोदामाचे मालक आमच्याकडचे मोठे पडदेवाले. त्यांनी जागा फुकट दिली म्हणून तेच संस्थेचे अध्यक्ष. माणूस दिलदार, पण भित्रा. सरकारी शिक्का नुसता दिसला तरी त्यांच्या तोंडचं पाणी पळतं. त्यांच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाचे पडदे सगळ्या पिंजऱ्यांना लावलेले आहेत. फुलाफुलांच्या पडद्याआडून भुंकणारी कुत्री मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

खाणं, औषधं, आत्याचा पगार, हे सगळं नगरपालिकेच्या अनुदानावर चालायचं. आणि अनुदानाचा नियम असा, की तपासणीच्या दिवशी पिंजऱ्यांत जितकी जनावरं, तितकं अनुदान. जनावरं फारच कमी भरली तर निवारा बंद, आणि उरलेली जनावरं गावाबाहेरच्या मोठ्या कोंडवाड्यात. आता आत्यासारखी बाई घरं शोधत सुटली तर पिंजऱ्यांत राहणार कोण? चांगलं काम केलं की पैसे कमी, हा नियम कुठल्या शहाण्याने काढला कोण जाणे. त्या वर्षी पिंजरे ओसाड पडले होते. दोनचार मांजरं, थोडी आजारी पिल्लं आणि पाहुणा.

पाहुणा म्हणजे एक म्हातारा तपकिरी कुत्रा. एक कान फाटका, मागचा एक पाय आखडलेला. आला तेव्हा त्याची अवस्था बघून डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवसांचा पाहुणा आहे. त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. तो काही गेला नाही आणि त्याला न्यायला कोणी आलं नाही. लोक पिल्लं मागतात. पाहुण्याकडे बघून "अरेरे" म्हणतात आणि पुढच्या पिंजऱ्याकडे जातात. निवारा बंद झाला तर तो कोंडवाड्यात जाणार होता, आणि तिथे कोणी कोणासाठी घर शोधत नाही. आत्याला स्वतःच्या पगाराची नव्हती, पण याची फार काळजी होती. "या वयात त्याची जागा बदलली तर तो जगायचा नाही," एवढंच ती म्हणायची.

तपासणीच्या दिवशी आत्या सकाळीच एका मांजराला टाके घालायला डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. मी तपासनीस साहेबांच्या चहाची तयारी करायला आले. दारातच पडदेवाले उभे. चेहरा घामाने डबडबलेला, पण खूश.

"ये ये. आता काही चिंता नाही. सगळे पिंजरे भरले!"

"भरले? एका रात्रीत?"

"मी सगळ्यांना फोन केले. ज्यांनी ज्यांनी इथून जनावरं नेली, त्यांना म्हटलं, एक दिवस आणून ठेवा, संध्याकाळी घेऊन जा. ताईला मात्र सांगू नकोस हं. ती ऐकायची नाही."

मी आत गेले. पिंजरे खरोखरच भरले होते. पडदे हलत होते. आतून भुंकण्याऐवजी कोणाचा तरी खोकला ऐकू आला. मी पहिला पडदा सरकवला. आत एक गुबगुबीत पांढरी कुत्री, आणि तिच्या शेजारी मांडी घालून, मान वाकडी करून, निवृत्त झालेले गणिताचे मास्तर.

"मास्तर, तुम्ही इथे काय करताय?"

"बसलोय."

"पण पडदेवाल्या काकांनी फक्त कुत्री ठेवायला सांगितली होती ना?"

"पिंजऱ्यात एकटं सोडणार नाही, असा शब्द दिलाय मी तुझ्या आत्याला," मास्तर म्हणाले. "वर्ष व्हायचंय अजून."

दुसऱ्या पिंजऱ्यात भाजीवाली, मांडीवर मांजर. तिने येताना वेळ जावा म्हणून सोलायला मटार आणले होते. तिसऱ्यात बँकेचे मॅनेजर फोनवर हळू आवाजात "मी जरा आत आहे" असं कोणाला तरी सांगत होते. एका पिंजऱ्यात तर नवराबायको दोघंही होते आणि आधी कोणी पाय पसरायचे यावरून त्यांचं वाजलं होतं. पडदेवाल्यांनी एकेकाच्या हातापाया पडून पाहिलं. एक जण बाहेर येईल तर शपथ. मला हसूही येत होतं आणि शिंकाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. आत्या आणि तपासनीस साहेब दारात एकदमच पोचले होते. साहेब उंच, वाळके, पन्नाशी केव्हाच ओलांडलेले. चेहरा असा की जणू जन्मापासून कोणी त्यांना विनोद सांगितलेला नाही. त्यांनी चहाला नको म्हटलं, चष्मा पुसला आणि पहिला पडदा सरकवला.

मास्तरांनी बसल्या जागेवरून नमस्कार केला.

साहेबांनी पेन काढलं. मग म्हणाले, "आपली नोंद कोणत्या रकान्यात करू?"

"पालक," मास्तर म्हणाले.

साहेबांनी एकामागून एक सगळे पडदे सरकवले. निवाऱ्याची स्वतःची जनावरं सोडली तर प्रत्येक पिंजऱ्यात एक जनावर आणि निदान एक माणूस. भाजीवालीने त्यांना मटार देऊ केले. पडदेवाले भिंतीला टेकून उभे होते, नाहीतर खाली बसले असते. आत्याचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. तिने एकदा पडदेवाल्यांकडे बघितलं आणि सगळं ओळखलं.

"बाहेर या सगळे," ती म्हणाली. "गुडघे धरतील. साहेब, ही जनावरं इथली नाहीत. होती, पण आता घरची आहेत. आमची म्हणजे ही आजारी पिल्लं, ही मांजरं आणि तो कोपऱ्यातला. बाकी पिंजरे रिकामे आहेत असंच लिहा."

"तसं लिहिलं तर अनुदान बंद होईल. निवाराही."

"मला माहिती आहे."

"तरी लिहू?"

"पिंजरे भरलेले दिसावेत म्हणून यांना घरं द्यायचीच नाहीत, तर मग मी इथे कशाला आहे?" आत्याने त्यांच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं. "लिहा तुम्ही."

साहेबांनी लिहिलं. इतक्यात कोपऱ्यातून पाहुणा लंगडत आला. त्याने साहेबांचे बूट हुंगले आणि एका बुटावर बूड टेकवून स्वस्थ बसला. साहेबांनी पाय काढून घेतला नाही. खाली बघत त्यांनी विचारलं, "याला कोणी नेत नाही?"

"नाही."

"मी नेला तर?"

पडदेवाल्यांचे डोळे चमकले. माझेही. देव पावला असंच वाटलं मला! साहेबांना खूश करायची याहून चांगली संधी कुठली? मी आत्याला मागून हळूच चिमटा काढला. तिने माझा हात झटकला.

"घरी कोण कोण असतं?"

"मी एकटाच."

"तुम्ही दिवसभर कुठे?"

"फिरतीवर. कधी कधी रात्रीही."

"मग नाही," आत्या म्हणाली. "राग मानू नका साहेब, पण हा दिवसभर कोणाच्या तोंडाकडे बघत बसणार? याने आयुष्यभर वाटच पाहिलीय. आता घरी जाऊनही वाटच बघायची?"

साहेबांनी मान हलवली, बूट हळूच सोडवून घेतला आणि गेले. पडदेवाले मटकन खाली बसले. "ताई, एक कुत्रं दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" मीही तोंड सोडलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची तुला सवयच आहे, असं काहीबाही बोलले. आत्याने पाहुण्याची वाटी धुवायला घेतली.

काही आठवड्यांनी नगरपालिकेच्या सभागृहात अनुदानाची खुली बैठक झाली. जनतेच्या पैशाचा प्रश्न म्हणून ज्याला यायचं त्याने यावं, असा रिवाज. एरवी तिथे पंख्याशिवाय काही हलत नाही. त्या दिवशी मास्तर, भाजीवाली, मॅनेजर सगळे हजर. तपासनीस साहेबांनी उभं राहून अहवाल वाचला. पिंजरे रिकामे. नियमाप्रमाणे अनुदान देता येत नाही. मी आत्याचा हात घट्ट धरला.

मग त्यांनी पान उलटलं. "तपासणीनंतर मी या संस्थेने दिलेल्या जनावरांच्या घरी गेलो. न सांगता गेलो. सगळी जनावरं जागेवर आहेत आणि बहुतेकांचं वजन वाढलं आहे. जनतेचा पैसा कुठे गेला, हे पिंजऱ्यात बघून कळत नाही, त्यासाठी घरोघर जावं लागतं, असं माझं मत झालं आहे. संस्था जनावरं कोणालाही देऊन मोकळी होते का, हेही मी पाहिलं. एका अर्जदाराला माझ्यादेखत नकार मिळाला." त्यांनी चष्मा सावरला. "अर्जदार मीच होतो."

सभागृह हसलं. एक सभासद मात्र हसला नाही. म्हणाला, "पण रिकाम्या पिंजऱ्यांना पैसे द्यायचे, हे लोकांना काय म्हणून सांगायचं?"

आणि कोण उठावं? पडदेवाले! "पिंजरे भरून दाखवायची अक्कल माझी. ताईंचा त्यात काही दोष नाही. पण मला सांगा, आग लागली नाही म्हणून तुम्ही बंबवाल्यांचा पगार कापता का?" एवढं बोलून ते खाली बसले आणि शेजारच्याचं पाणी पिऊन टाकलं. त्यांना असं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

अनुदान एका वर्षापुरतं चालू राहिलं. अट अशी, की यापुढे पिंजऱ्यांबरोबर घरंही तपासायची आणि वर्षातून एकदा सगळी जनावरं निवाऱ्यात आणून लोकांना दाखवायची. आत्या बाहेर येऊन पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मग मला म्हणाली, "घरी चल, पाहुण्याला जेवायला उशीर झाला."

थोड्याच महिन्यांनी साहेब निवृत्त झाले. दुसऱ्याच दिवशी निवाऱ्याच्या बाकावर येऊन बसले. आत्याने त्यांनाही ताटकळत ठेवलं! जेवणाची वेळ टळून गेली तरी साहेब हलले नाहीत. मग ती त्यांच्या घरी गेली, पाणी मागितलं, गॅलरी बघितली. सगळ्यात आधी कोण रागावतं, हे विचारायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिने त्यांनाच विचारलं. साहेब म्हणाले, "रागवायला तरी समोर कोणीतरी लागतं, बाई." आत्याने पाहुणा दिला. साहेबांनी तिच्यासमोर उभं राहून, शाळेतल्या मुलासारखं, मोठ्याने ते वाक्य म्हटलं.

परवा पहिला वार्षिक दिवस झाला. नवे तपासनीस आले होते, तरुण, हातात टॅब. आवारात सगळी जनावरं आपापल्या माणसांबरोबर हिंडत होती आणि मी शिंकत होते. पाहुणा आला तो सरळ कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या पिंजऱ्याकडे गेला. पडदा नाकाने बाजूला सारला आणि सवयीने आत जाऊन आडवा झाला. साहेबांनी दोनदा हाक मारली. तो उठला नाही. तेव्हा साहेबांनी बूट काढले, ओळीने ठेवले, आणि कमरेवर हात ठेवून, कण्हत, एवढा उंच माणूस वाकून आत शिरला आणि त्याच्या शेजारी बसला. पाहुण्याने त्यांच्या मांडीवर मान टाकली.

नव्या तपासनीसांनी पडदा सरकवला आणि ते दचकलेच. आत्याला हळूच म्हणाले, "बाई, हे कोण?"

"पालक आहेत," आत्या म्हणाली. "अजून वर्ष झालेलं नाही."